पिव्हट टेबल : संगणकावरची खतावणी आणि तिच्या खोडी

सातारा शहरातील शेतीचे पाइप आणि ठिबक सिंचनाचे साहित्य विकणाऱ्या एका घाऊक दुकानाचे हिशेब मी पाहते. आमचा माल जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत जातो, आणि प्रत्येक बिलातील प्रत्येक वस्तूची एक ओळ धरली तर वर्षअखेरीस विक्रीची यादी अकरा-बारा हजार ओळींची होते. एवढ्या यादीतून कोणत्या तालुक्यात काय खपले, कोणाकडे किती येणे राहिले आणि कोणत्या महिन्यात कोणत्या मापाचा पाइप कमी पडला, हे शोधण्यासाठी मी जवळजवळ रोज पिव्हट टेबल, म्हणजे लांब यादीतील आकड्यांचा हव्या त्या अंगाने गोषवारा मांडणारा तक्ता, वापरते. हे परीक्षण त्याच सोयीचे आहे. माझा बहुतेक अनुभव एक्सेल या तक्ते करण्याच्या प्रणालीतल्या पिव्हट टेबलचा असला तरी गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्क या दोन पर्यायांवरही मी पुरेसे काम केले आहे.

हिशेबाच्या जुन्या पद्धतीत वाढलेल्या माणसाला पिव्हट टेबल समजावून सांगायचे तर ‘खतावणी’ हा एकच शब्द पुरतो. रोजकीर्दीत व्यवहार जसे घडले तसे, तारखेच्या क्रमाने उतरवायचे आणि मग त्यांतील प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन लिहायची, ही पद्धत आमच्या दुकानात थोरल्या मालकांच्या काळापर्यंत लाल कापडी बांधणीच्या वह्यांत चालू होती. त्या खतावणीची अडचण अशी की ती एकाच अंगाने मांडता येते. गिऱ्हाइकांच्या नावाने खाती पाडली की तीच विक्री तालुक्यानुसार पाहायची झाल्यास सगळी रोजकीर्द पहिल्या पानापासून पुन्हा चाळावी लागते. पिव्हट टेबल हे काम काही सेकंदांत करते आणि मूळ रोजकीर्दीला बोटही लावत नाही. १९७९ साली आलेल्या व्हिसिकॅल्कमध्ये किंवा १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये, म्हणजे तक्ते करण्याच्या सुरुवातीच्या प्रणालींत, अशी सोय नव्हती. रकान्यांना नावे देऊन ती हवी तशी फिरवायची ही कल्पना १९९१ च्या लोटस इम्प्रूव्ह या आज विस्मरणात गेलेल्या प्रणालीत दिसली, आणि १९९३ मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीने ‘पिव्हट टेबल’ या नावाने ती सर्वांच्या हाती दिली.

काम करण्याची रीत सोपी आहे. यादीत कोठेही क्लिक करून ‘इन्सर्ट’मधून पिव्हट टेबल निवडले की उजव्या बाजूला यादीतील रकान्यांची नावे आणि त्यांखाली चार चौकटी दिसतात : ‘फिल्टर्स’, ‘कॉलम्स’, ‘रोज’ (म्हणजे आडव्या ओळी, दररोज नव्हे) आणि ‘व्हॅल्यूज’. मी तालुका ओळींच्या चौकटीत, महिना कॉलम्समध्ये आणि रक्कम व्हॅल्यूजमध्ये ओढून टाकते. त्याबरोबर डावीकडे फलटण, माण, खटाव, कोरेगाव अशी नावे, वर महिने आणि मध्ये बेरजा उभ्या राहतात. मग पाइपाचे माप तालुक्याच्या खाली ओढले की प्रत्येक तालुक्याचे पोटविभाग पडतात. पाऊण इंची पाइप उन्हाळ्यात माणमध्ये किती गेला आणि त्याच दिवसांत पाटणमध्ये किती, हे पाहायला याहून अधिक काही करावे लागत नाही. जीएसटीच्या विवरणपत्रात लागणारा एचएसएन-निहाय (म्हणजे वस्तूच्या प्रकाराला दिलेल्या संकेतांकानुसार) गोषवाराही मी याच मार्गाने काढते. त्यात मात्र एक गंमत आहे. रकान्याचे नाव ओढण्याऐवजी त्यापुढे नुसती खूण केली, तर एक्सेल आकडे असलेला प्रत्येक रकाना बेरजेसाठीच आहे असे समजते; त्यामुळे पहिल्याच वेळी माझ्या पडद्यावर प्लास्टिक पाइपाच्या ३९१७ या संकेतांकाची हजारो वेळा केलेली, कोटींत जाणारी बेरीज आली होती. तेव्हापासून संकेतांक, बिल क्रमांक आणि भ्रमणध्वनी क्रमांक हे रकाने मी मूळ यादीतच मजकूर म्हणून ठेवते.

माझ्या मते या साधनाचा सर्वांत मोठा गुण बेरीज करण्यात नसून बेरजेचा माग काढण्यात आहे. थोरले मालक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, संगणकाला हात लावत नाहीत, पण छापील तक्त्यातील एखाद्या आकड्यावर नेमके बोट ठेवून “हे पावणेचार लाख खटावला कुठनं आले?” असे विचारतात. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात दुपार जात असे. पिव्हट टेबलमध्ये त्या आकड्यावर दोनदा क्लिक केले, की ज्या ज्या ओळी मिळून तो आकडा झाला तेवढ्याच ओळी एका नव्या पानावर उघडतात. मी त्यांना पडदा दाखवला, तेव्हा वडूजच्या एका दुकानाची एकच मोठी ऑर्डर दोन बिलांत विभागलेली दिसली आणि अण्णांनी मान हलवली. ज्याला स्वतःच्या हाताने खतावणी करण्याची सवय आहे त्याचा विश्वास तयार बेरजेवर बसत नाही, आणि तो बसूही नये. बेरजेतून मागे मूळ नोंदीपर्यंत जाण्याची ही वाट नसती, तर आमच्या दुकानात हा तक्ता टिकला नसता.

सरासरीच्या बाबतीतही एक्सेलचे वर्तन बहुतांशी शहाणपणाचे आहे, पण एका ठिकाणी ते फसवते आणि हे ठिकाण मी येथे आकडे मांडून दाखवते. समजा, १०० मीटर पाइप ४० रुपये दराने आणि ३०० मीटर पाइप ५० रुपये दराने विकला. एकूण रक्कम ४,००० अधिक १५,०००, म्हणजे १९,००० रुपये झाली. दराच्या रकान्याची नुसती सरासरी मागितली तर ४५ रुपये येते. परंतु ‘कॅल्क्युलेटेड फील्ड’ (पिव्हट टेबलच्या आतच सूत्राने केलेला रकाना) वापरून रकमेला मीटरने भागले, तर एकूण रक्कम भागिले एकूण मीटर असा हिशेब होऊन ४७ रुपये ५० पैसे हा खरा सरासरी दर मिळतो. येथपर्यंत उत्तम. मात्र त्याच सोयीने कोणी दर गुणिले मीटर करून रक्कम काढू गेला, तर प्रणाली आधी दरांची बेरीज ९० आणि मीटरांची बेरीज ४०० करते आणि मग त्यांचा गुणाकार ३६,००० रुपये दाखवते. हे चूक आहे असे ती कोठेही सांगत नाही, कारण तिच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे : बेरीज आधी, सूत्र नंतर. म्हणून भागाकार पिव्हट टेबलमध्ये आणि गुणाकार मूळ यादीत, हा नियम मी कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला आहे.

आता तक्रारींकडे वळते, आणि त्यांतील बहुतेक तक्रारी पाहिल्या तर रोजकीर्दीच्याच निघतील. पिव्हट टेबलला यादी विशिष्ट शिस्तीत लागते. पहिल्या ओळीत प्रत्येक रकान्याचे नाव हवे, एकही नाव रिकामे नको, जोडलेले सेल (तक्त्यातले चौकोन) नकोत, मध्येच रिकामी ओळ नको आणि पानाच्या तळाशी केलेली बेरीज तर मुळीच नको. नाही तर ती बेरीजही एक व्यवहार समजून पुन्हा मोजली जाते आणि विक्री दुप्पट दिसते. बिले करण्याच्या प्रणालीतून जी फाइल बाहेर पडते ती नेमकी या सर्व नियमांच्या विरुद्ध सजवलेली असते. वर दुकानाचे नाव आणि पत्ता, प्रत्येक दिवसानंतर पोटबेरीज, आणि गिऱ्हाइकाचे नाव फक्त पहिल्या ओळीत लिहून खाली मोकळी जागा, असे तिचे रूप असते. वाचणाऱ्याला ते छान दिसते, पण पिव्हट टेबलच्या कामाचे नसते. ही सजावट उतरवण्यात माझा जेवढा वेळ जातो, त्याच्या दहाव्या हिश्शात प्रत्यक्ष गोषवारा तयार होतो. एक्सेलच्या २०१६ च्या आवृत्तीपासून आतच मिळणाऱ्या पॉवर क्वेरीने हे साफसफाईचे टप्पे एकदा नोंदवून ठेवता येतात आणि पुढच्या महिन्याच्या फाइलवर तेच टप्पे आपोआप चालतात. ही सोय शिकायला मला एक आठवडा लागला, पण तो वाया गेला नाही.

नावांचे प्रकरण त्याहून नाजूक आहे. आमच्या पहिल्या तक्त्यात एकाच तालुक्याच्या चार ओळी आल्या होत्या. एक ‘कराड’, दुसरी ‘कऱ्हाड’, तिसरी अशीच ‘कराड’ पण नावानंतर एक रिकामी जागा टंकलेली, आणि चौथी पुन्हा ‘कऱ्हाड’, जी दुसरीशी डोळ्यांना अगदी तंतोतंत सारखी दिसत होती. पहिल्या तीन ओळींचे कारण लगेच कळले. चौथीने मात्र मला बराच वेळ छळले. ‘ऱ्हा’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतपद्धतीत, दोन रीतींनी टंकता येते; एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, तर दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह असते. छापल्यावर दोन्ही एकच, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळी गावे! काउंटरवरचा मुलगा भ्रमणध्वनीवरून नोंदी करीत होता आणि मी संगणकाच्या कळफलकावरून, एवढाच काय तो फरक. रिकाम्या जागा ‘ट्रिम’ या फंक्शनने निघतात. जोडाक्षरासाठी चुकीचे रूप थेट सेलमधून उचलून ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये टाकावे लागले. आता तालुक्याच्या रकान्यात टंकायची मुभाच ठेवलेली नाही. ‘डेटा व्हॅलिडेशन’ने अकरा नावांची यादी लावली आहे आणि तिच्यातूनच निवडावे लागते. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेल्या जुन्या याद्या असतील त्यांनी हा खटाटोप करण्याआधी रूपांतर करून घ्यावे, कारण तेथे पडद्यावर मराठी दिसत असले तरी सेलमध्ये प्रत्यक्षात रोमन चिन्हे असतात आणि गोषवाऱ्याचा क्रमही त्या चिन्हांचाच लागतो.

तारखांविषयी मी अधिक कठोर आहे. एका नव्या संगणकावर तारखेची अमेरिकी पद्धत चालू राहिली होती आणि ते माझ्या लक्षात आले नाही. त्यावर एप्रिलची फाइल उघडताच १ एप्रिल हा ४ जानेवारी झाला, २ एप्रिल हा ४ फेब्रुवारी, आणि असे करत १२ एप्रिल ४ डिसेंबरला जाऊन पोहोचला. १३ तारखेपासून पुढच्या तारखा महिना म्हणून बसेनात, म्हणून त्या मजकूर होऊन सेलच्या डाव्या कडेला चिकटल्या. महिन्यांचे गट पाडायला गेले, तेव्हा एक्सेलने गट करता येत नाही असा रुक्ष नकार दिला. त्या नकारानेच मला वाचवले. फाइलमध्ये केवळ पहिल्या बारा दिवसांची बिले असती, तर तिने एप्रिलमध्येच डिसेंबरपर्यंतची विक्री निमूटपणे दाखवली असती.

तारखा नीट बसल्यानंतरही भारतीय हिशेबनिसाची अडचण संपत नाही. एक्सेलचे गट जानेवारीपासून सुरू होतात, पहिली तिमाही जानेवारी ते मार्च अशी धरली जाते, आणि आपले आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये उघडते. इतक्या वर्षांच्या प्रणालीत ‘वर्षाचा पहिला महिना कोणता’ एवढे विचारणारी एक चौकट का नसावी, हे मला कळलेले नाही. तोडगा मात्र साधा आहे. मूळ यादीत एक जादा रकाना घ्यायचा आणि ‘ईडेट’ फंक्शनने तारीख तीन महिने मागे नेऊन तिचे वर्ष काढायचे. ५ एप्रिल २०२४ चे ५ जानेवारी २०२४ होते, ३१ मार्च २०२५ चे ३१ डिसेंबर २०२४ होते, आणि दोन्ही व्यवहार २०२४ च्या म्हणजे २०२४-२५ च्या खात्यात बिनबोभाट जमा होतात. तिमाहीसाठीही हीच मागे नेलेली तारीख चालते.

यानंतरची खोड सर्वांना माहीत असते आणि तरीही सर्वांना चावते. मी वापरते त्या एक्सेलमध्ये मूळ यादी बदलली तरी पिव्हट टेबल आपणहून बदलत नाही, त्याला ‘रिफ्रेश’ करावे लागते. एकदा मी महिनाअखेरच्या शेवटच्या तीन दिवसांची बिले नोंदवून रिफ्रेश न करताच तक्ता छापला आणि मालकांनी त्या आकड्यावर पुढची खरेदी ठरवली. चूक पूर्णपणे माझी होती. दुसरा प्रकार असा की यादीची हद्द ठरावीक ओळीपर्यंत आखलेली असेल, तर तिच्याखाली लिहिलेल्या नव्या ओळी रिफ्रेश करूनही येत नाहीत. त्यासाठी यादीला कंट्रोल आणि टी या कळांनी ‘टेबल’ करून घ्यावे, म्हणजे हद्द आपोआप वाढते. ओळी गळण्याचा हा प्रकार केवळ छोट्या दुकानांत घडतो असे नाही. २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये सुमारे १६,००० कोविड रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. २००७ पासूनच्या फाइल-प्रकारात ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. आमच्या दुकानाला ती ऐंशी वर्षे तरी पुरेल.

गोषवारा दुसऱ्याला पाठवण्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून येथे थोडे थांबते. पिव्हट टेबल मूळ यादीची एक प्रत स्वतःच्या पोटात ठेवते. मी एका विक्रेत्याला त्याच्या तालुक्याची बेरीज पाठवताना मूळ यादीचे पान काढून टाकले होते आणि फाइल सुरक्षित आहे अशा समजुतीत होते. पाठवण्याआधी सहज एका आकड्यावर दोनदा क्लिक केले, तर साऱ्या ओळी नावानिशी, उधारीसकट उघडल्या. ज्या गुणाचे मी वर कौतुक केले तोच येथे घात करू शकतो. आता बाहेर जाणारा प्रत्येक तक्ता मी पीडीएफ करून पाठवते किंवा नव्या फाइलमध्ये फक्त आकडे चिकटवते.

पर्यायांपैकी गूगल शीट्सचे पिव्हट टेबल मूळ यादी बदलताच आपोआप बदलते, आणि गोदाम व काउंटर या दोन ठिकाणांहून एकाच यादीत नोंदी होणार असतील तर त्याला तोड नाही. एका फाइलला एक कोटी सेलची मर्यादा आहे, जी आम्हाला जाचत नाही. पण संपूर्ण रकाने निवडले की गोषवाऱ्यात एक रिकामी ओळ डोकावते आणि ती गाळणी लावून घालवावी लागते. लिबरऑफिस कॅल्क हे विनामूल्य आहे, इंटरनेटवाचून चालते आणि त्याचे मेन्यू मराठीत करता येतात. त्यात तारखेच्या सेलवर उभे राहून एफ १२ ही कळ दाबली की महिन्यांचे गट पडतात, दोनदा क्लिक करून मूळ ओळीही पाहता येतात. एक्सेलमधील ‘स्लायसर’ची, म्हणजे दाबताच तक्ता गाळून दाखवणारी, बटणे त्यात नाहीत आणि वर सांगितलेली कॅल्क्युलेटेड फील्डची सोयही नाही, त्यामुळे सरासरी दर मला तक्त्याच्या बाहेर काढावा लागतो. तेथेही रिफ्रेश हातानेच करावे लागते.

‘समइफ्स’सारख्या, अटींत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणाऱ्या सूत्रांनीही असा तक्ता बांधता येतो आणि त्याचे आकडे नेहमी ताजे राहतात, हे खरे. ज्या तक्त्याचा साचा कधीच बदलत नाही, उदाहरणार्थ बँकेला दर महिन्याला द्यायचे येणे-देणे, तेथे मी सूत्रेच वापरते. परंतु ‘आता हेच मापानुसार दाखव’ असे कोणी म्हणाले की सूत्रांचा तक्ता मोडून पुन्हा बांधावा लागतो. एक्सेलच्या वर्गणीच्या आवृत्तीत अलीकडे ‘पिव्हटबाय’ हे फंक्शन आले आहे, जे दोन्हींचा मेळ घालते. ते मी अजून मुख्य कामाला लावलेले नाही.

पाचपैकी एक्सेलच्या पिव्हट टेबलला मी चार गुण देते, आणि कापलेला एक गुण आर्थिक वर्ष आणि रिफ्रेश यांचा आहे. केवळ या सोयीसाठी कोणी एक्सेलचा परवाना घेणार असेल, तर आधी महिनाभर कॅल्कमध्ये स्वतःची यादी लावून पाहावी. कॅल्क्युलेटेड फील्ड किंवा पॉवर क्वेरी यांच्यावाचून अडले, तरच पैसे खर्च करावेत. आमच्याकडे परवाना एकाच संगणकावर आहे, काउंटरवरची नोंद गूगल शीट्समध्ये होते, आणि दर सोमवारी सकाळी ती यादी उतरवून घेऊन, तारखा सेलच्या उजव्या कडेला आहेत ना आणि तालुके अकराच आहेत ना एवढे पाहून मी रिफ्रेश दाबते. गेल्या सोमवारी तालुके बारा निघाले. बारावा कोणता, ते शोधण्याचे काम काउंटरवरच्या मुलाला दिले आहे.